ॲक्सिस उलटा चालतोय? जुन्या सीएनसी मिलिंगवर मोटरची दिशा कशी तपासायची आणि कुठे बदलायची

एक्स प्लसचं बटण दाबलं आणि टेबल डावीकडे गेलं, तर मशीन बरोबर आहे. दिशेच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, म्हणून पॅनेल उघडण्याआधी एवढं पक्कं करून घ्या. सीएनसीत प्लस-मायनस टूलच्या बाजूने ठरतं. जॉब जागेवर आहे आणि टूल फिरतंय असं धरायचं. उभ्या स्पिंडलच्या मशीनसमोर उभं राहिल्यावर टूल उजवीकडे जाणं म्हणजे एक्स प्लस, आपल्यापासून लांब, कॉलमच्या दिशेला जाणं म्हणजे वाय प्लस आणि जॉबपासून वर उठणं म्हणजे झेड प्लस. पण बहुतेक मिलिंगवर एक्स आणि वायला टूल हलतच नाही, टेबल हलतं. त्यामुळे टेबलाची चाल नेमकी उलटी दिसते: एक्स प्लसला टेबल डावीकडे, वाय प्लसला टेबल ऑपरेटरकडे. झेडला हेड चालत असेल तर प्लसला हेड वर. नी-टाइप (टेबल पेलणारा ‘नी’ हा भाग वरखाली होणाऱ्या) मशीनला झेडचा बॉल स्क्रू नीला लावलेला असेल तर प्लसला नी खाली.

आयएसओ ८४१ मध्ये हीच पद्धत लिहिलेली आहे आणि उजव्या हाताच्या तीन बोटांत ती मावते: अंगठा एक्स प्लस, तर्जनी वाय प्लस, मधलं बोट झेड प्लस. मशीनसमोर हात धरा, मधलं बोट छताकडे ठेवा आणि मगच कोण चुकतंय ते ठरवा.

एकच ॲक्सिस खरोखर उलटा असेल तर जॉब आरशातल्यासारखा येतो. कोरलेली अक्षरं उलटी, जी०२ चा (घड्याळाच्या दिशेचा) कंस जी०३ सारखा (उलट दिशेचा), आणि क्लाइंब मिलिंगच्या (दाते जॉबच्या चालीच्याच दिशेने कापतात) जागी कन्व्हेन्शनल (चालीच्या विरुद्ध). पण एक्स आणि वाय दोन्ही उलटे असतील तर जॉब आरशासारखा न येता नुसता १८० अंशांत फिरलेला येतो. काढून हातात घेतला तर अगदी बरोबर दिसतो. चौकोन, गोल, सारख्या अंतरावरची चार भोकं असले तुकडे यासाठी निरुपयोगी आहेत. चाचणीसाठी काटकोनी आकार घ्या, एक हात ६० मिमीचा आणि दुसरा २० मिमीचा, आणि मापं जॉब टेबलावर बांधलेला असतानाच बघा.

दिशा एका जागी ठरत नाही

कंट्रोलमध्ये दिशेचं एक सेटिंग असतं, ते बदललं की झालं, असं वाटतं. स्टेपरच्या (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या, काही परत न कळवणाऱ्या मोटरच्या) साध्या मशीनला ते चालूनही जातं. सर्व्होला (जिथे मोटर किती फिरली हे परत कळवलं जातं) मात्र दिशा ही साखळी असते. बटण किंवा प्रोग्रॅम, कंट्रोल, कमांड, ड्राइव्ह, मोटर, पट्टा किंवा गिअर, बॉल स्क्रू आणि तिथून एन्कोडरच्या (फिरणं मोजणाऱ्या भागाच्या) वायरीने परत कंट्रोल. कंट्रोल म्हणतो ‘पुढे जा’, एन्कोडर सांगतो ‘किती गेलो’, आणि दोन्हींतला फरक शून्य होईपर्यंत मोटर फिरते. या फेऱ्याला लूप म्हणतात. लूपमधली एकच कडी उलटली, तर मोटर पुढे गेल्यावर एन्कोडर ‘मागे आलो’ असं सांगतो. फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, कंट्रोल आणखी जोर लावतो आणि ॲक्सिस पूर्ण वेगाने एका टोकाला धावतो. यालाच पळून जाणं म्हणतात. दोन योग्य कड्या एकदम उलटल्या तर लूप स्थिर राहतो आणि फक्त दिशा बदलते.

तेव्हा लक्षण दोन प्रकारचं असतं. शांतपणे उलटा चालणारा ॲक्सिस आणि पळून जाणारा ॲक्सिस हे वेगळे आजार आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नका. शांतपणे उलटा चालणाऱ्याची एकच वायर उलटवली तर तो पळायला लागेल.

काल बरोबर चालणारी दिशा आज आपोआप उलटत नाही. मध्ये काहीतरी घडलेलं असतं. मोटर बदलली, एन्कोडर दुरुस्त होऊन आला, ड्राइव्हचं कार्ड बदललं, मशीन शेडमधून दुसरीकडे हलवताना कनेक्टर काढून लावले, किंवा बॅटरी संपून पॅरामीटर गेले आणि कुणीतरी दुसऱ्या मशीनचे भरले. पहिला प्रश्न हाच विचारा: शेवटी कशाला हात लागला? दुरुस्ती त्याच जागी करायची. मोटरच्या वायरी उलट्या लागल्यात आणि आपण पॅरामीटर बदलून जमवून घेतलं, तर पुढचा माणूस ड्रॉइंगप्रमाणे वायरी सरळ करतो आणि ॲक्सिस पुन्हा पळतो.

लक्षणावरून कडी ओळखणं

मॉनिटरवरचा आकडा आणि प्रत्यक्ष चाल दोन्ही बघा. बटण प्लसचं, आकडाही प्लसकडे वाढतोय, चाल गुळगुळीत, अंतर बरोबर, पण दिशा उलटी: लूप ठीक आहे, दिशेचं सेटिंग किंवा कड्यांची जोडी उलटी आहे.

सर्व्हो ऑन होताच किंवा पहिल्याच हालचालीला झटका देऊन धावला आणि क्षणात फॉलोइंग एररचा (सांगितलेली आणि प्रत्यक्ष जागा यांत फार फरक पडल्याचा) अलार्म आला, तर फीडबॅकची दिशा उलटी आहे किंवा टॅकोची (मोटरचा वेग व्होल्टेजमध्ये सांगणाऱ्या छोट्या जनरेटरची) वायर सुटली आहे. फानुक ०-एम या कंट्रोलवर एक्सला हा ४१० किंवा ४११ दिसतो, वायला ४२०-४२१, झेडला ४३०-४३१. मोटर जागेवर गुरगुरते, थोडी थरथरते, तापते, पण फिरत नाही, तेव्हा दिशेला दोष देऊ नका. एक फेज गेलेला असेल, एसी मोटरचे फेज अदलाबदल झाले असतील किंवा झेडचा ब्रेक सुटत नसेल.

जॉगला (बटण दाबून हाताने चालवताना) बरोबर आणि प्रोग्रॅमला उलटा चालला, तर मोटरपर्यंत जाऊच नका. मिरर इमेज (ॲक्सिसची चाल मुद्दाम उलटवणारं सेटिंग) चालू आहे. ती ऑटोच्या कमांडला लागते, जॉगला नाही, म्हणून हे लक्षण हमखास ओळखू येतं. फानुक ०-एमच्या सेटिंग पानावर आरईव्हीएक्स आणि आरईव्हीवाय या दोन ओळी बघा, दोन्ही ० हव्यात. ऑपरेटर पॅनेलवर मिररचा वेगळा स्विच असेल तर तोही बघा. जुन्या पॅनेलवर तो कापडाने पुसताना फिरतो.

याच्या उलट, प्रोग्रॅमला बरोबर पण जॉगला उलटा असेल, तर बटणांच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लागल्या आहेत. डायग्नोस्टिक पानावर बटण दाबून कुठलं बिट बदलतं ते इलेक्ट्रिकल ड्रॉइंगशी ताडून बघा. फक्त हँडव्हील उलटं चालत असेल आणि तेही सगळ्या ॲक्सिसना, तर त्याच्या पल्स जनरेटरच्या ए आणि बी या दोन सिग्नलच्या वायरी बदलल्या गेल्या आहेत. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की प्लस, ही रूढ पद्धत.

मशीन हलवल्यानंतर एक्स आणि वाय दोघेही एकदम बिघडले, तर बहुधा केबल क्रॉस झाल्या आहेत. एक्सच्या ड्राइव्हला वायचा एन्कोडर लागला असेल तर दोन्ही ॲक्सिस अलार्म देतात. पॉवर आणि एन्कोडर दोन्ही केबल क्रॉस असतील तर काही अलार्म न येता एक्सच्या बटणावर वाय चालतो. कनेक्टर काढतानाच दोन्ही टोकांना नंबर लावले असते तर ही वेळ येत नाही, पण लावत कोण?

हात घालण्याआधी

ॲक्सिस प्रवासाच्या मधोमध आणा. टोकाला उभा असलेला टेबल पळाला तर थांबायला जागा उरत नाही. टेबलावरचा जॉब, व्हाइस, स्पिंडलमधलं टूल काढा. फीड ओव्हरराइड सगळ्यात खाली, रॅपिडही सगळ्यात खाली. एक माणूस इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवून उभा राहील, आणि त्याने दुसरं काहीही करायचं नाही. जमत असेल तर कपलिंग सैल करा किंवा टायमिंग पट्टा काढा. मोटर मोकळी असली की पळाली तरी नुकसान होत नाही.

झेडला हे नियम पुरत नाहीत. पट्टा काढला की हेड स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतं, कारण ब्रेक बहुधा मोटरमध्ये असतो. हेडखाली टेबलावर चांगला जाड लाकडी ठोकळा उभा करून हेड त्याच्यावर टेकवा आणि मगच मोटरला हात लावा. काउंटरवेट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, साखळी तुटलेली असू शकते.

ड्राइव्हमधले कपॅसिटर मेन बंद केल्यावरही भरलेले असतात. २०० व्होल्टच्या एसी ड्राइव्हवर डीसी बस २८० व्होल्टच्या आसपास असते. चार्जचा दिवा विझेपर्यंत थांबा, आणि तो विझला तरी मल्टिमीटरने बस मोजल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. दिवा स्वतः गेलेला असू शकतो.

बदल करण्याआधी जे आहे त्याची नोंद करा. पॅरामीटरच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो, आरएस२३२ चालू असेल तर पूर्ण बॅकअप, आणि टर्मिनलवरच्या वायरींचा फोटो नंबर वाचता येतील असा. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा.

एन्कोडर खरं सांगतो का?

पहिली चाचणी मोटरला वीज न देता होते. इमर्जन्सी दाबलेली ठेवा, कंट्रोल चालू राहू द्या आणि बॉल स्क्रू हाताने फिरवा. जिथे हात पोचत नाही तिथे पट्ट्याच्या पुलीवरून फिरवा. टूल जॉबच्या तुलनेत प्लसकडे सरकलं की आकडा वाढला पाहिजे. आकडा घटला तर एन्कोडरचं बोलणं उलटं आहे. आकडा हलतच नाही किंवा नुसता शेवटच्या अंकात पुढे-मागे होतो, तर ए किंवा बी यांतली एक वायर तुटलेली आहे. एक पूर्ण फेरी मोजून द्या. मोटर थेट जोडलेली आणि स्क्रू १० मिमी पिचचा असेल तर १०.००० च्या जवळ आलं पाहिजे. त्यात फरक असेल तर प्रश्न दिशेचा नाही, फीड गिअरचा किंवा पल्सच्या संख्येचा आहे.

एन्कोडर उलटवायचा असेल तर एकाच चॅनेलची जोडी बदलायची: ए आणि ए-बार (ए चा उलटा सिग्नल) यांची अदलाबदल. ए आणि बी दोन्ही जोड्या अशा उलटवल्या तर दिशा होती तिथेच राहते आणि माणसाचा अर्धा दिवस गोंधळात जातो. इंडेक्स पल्सच्या (फेरीला एकदा येणाऱ्या खुणेच्या) वायरींना हात लावू नका. फानुकसारख्या मोटरमध्येच बसवलेल्या पल्स कोडरच्या, म्हणजे एन्कोडरच्या, वायरी तर मुळीच बदलू नका. तिथे सिरियल डेटा आणि मोटरच्या कम्युटेशनची (कुठल्या फेजला कधी करंट द्यायचा याची) माहिती त्याच केबलमधून येते.

जुने डीसी सर्व्हो: टॅको असलेली मशीन

डीसी मोटर, टॅको आणि ±१० व्होल्टची कमांड अशा मशीनला दोन लूप असतात. आतला वेगाचा, तो ड्राइव्ह आणि टॅको मिळून सांभाळतात. बाहेरचा पोझिशनचा, तो कंट्रोल आणि एन्कोडर मिळून. आतला नीट झाल्याशिवाय बाहेरच्याला हात लावायचा नाही.

आतला लूप तपासायला कंट्रोलची कमांड वायर ड्राइव्हवरून काढा आणि तिथे १.५ व्होल्टचा सेल पोटेन्शिओमीटरमधून जोडा. सेल थेट जोडू नका. १० व्होल्टला २००० आरपीएम असतील तर १.५ व्होल्ट म्हणजे ३०० आरपीएम, आणि १० मिमीच्या स्क्रूवर ते मिनिटाला ३ मीटर होतात. ०.३ व्होल्टपासून सुरुवात करा, म्हणजे ६० आरपीएम. ड्राइव्ह एनेबल केल्यावर मोटर हळू, एकसारखी फिरली आणि सेल उलटा केल्यावर तेवढ्याच वेगाने उलटी फिरली, तर आतला लूप ठीक आहे. ०.३ व्होल्टवर मोटर एकदम पूर्ण वेगाने सुटली, तर टॅको उलटा जोडलेला आहे किंवा जोडलेलाच नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून टॅकोच्या टोकांवर लावा आणि शाफ्ट हाताने फिरवा. फिरवण्याच्या दिशेप्रमाणे चिन्ह बदललं पाहिजे. काहीच येत नसेल तर टॅकोचे ब्रश बघा. जुन्या डीसी मोटरवर कार्बनची भुकटी साठून ब्रश अडकणं नेहमीचं आहे.

आता दिशा बदलायची असेल तर रस्ते दोनच. एक: ड्राइव्हला जाणाऱ्या कमांडच्या दोन वायरी उलटवा आणि एन्कोडरची ए-जोडी उलटवा. दोन: मोटरच्या आर्मेचरच्या दोन वायरी, टॅकोच्या दोन वायरी आणि एन्कोडरची ए-जोडी, तिन्ही उलटवा. पहिला रस्ता बरा. त्यात जाड केबल उघडावी लागत नाही आणि आतला लूप जसाच्या तसा राहतो. मात्र कमांड डिफरन्शिअल इनपुटला जात असेल तरच तो चालतो. कमांडचं एक टोक ड्राइव्हमध्ये ग्राउंडला बांधलेलं असेल तर उलटवल्यावर कंट्रोलचं आउटपुट शॉर्ट होईल. फक्त आर्मेचर उलटवणं म्हणजे पळून जाण्याची खात्री. डीसी मोटर उलटी करायची तर दोन वायरी बदलायच्या, हे वायरमनच्या हाताला बसलेलं असतं, आणि इथे तेच महागात पडतं.

हायडेनहाइन टीएनसी ४०० मालिकेतल्या ॲनालॉग मशीनला हीच जोडी पॅरामीटरमध्ये मिळते. एमपी २१० मोजणीची दिशा ठरवतो, एमपी १०४० कमांड व्होल्टेजचं चिन्ह. ॲक्सिस शांतपणे उलटा चालत असेल तर दोन्हींतलं त्या ॲक्सिसचं बिट बदला. पळत असेल तर फक्त एकातलं, आणि कुठलं ते हाताने फिरवण्याच्या चाचणीवरून ठरतं.

फानुक ०-एम आणि डिजिटल सर्व्हो

इथे काम सोपं आहे, कारण दिशेचा एक आकडा बदलला की कंट्रोल फीडबॅकही बरोबर उलटवून घेतो. वायरी बदलायच्या नाहीत. एसी सर्व्होच्या यू, व्ही, डब्ल्यू या तीन वायरींपैकी दोन बदलून दिशा उलटवता येत नाही. स्पिंडलच्या किंवा कूलंट पंपाच्या इंडक्शन मोटरला जे चालतं ते इथे चालत नाही. कुठल्या क्षणी कुठल्या फेजला करंट द्यायचा हे एन्कोडर सांगत असतो. फेज बदलले की मोटर झटका देऊन अडकते किंवा ओव्हरकरंटचा अलार्म येतो.

१. एमडीआय (हाताने कमांड भरायच्या) मोडला या किंवा इमर्जन्सी दाबून ठेवा. सेटिंगच्या पानावर पीडब्ल्यूई (पॅरामीटर लिहायची परवानगी) १ करा. अलार्म १०० येईल, तो अपेक्षित आहे.

२. एक्ससाठी पॅरामीटर ८१२२, वायसाठी ८२२२, झेडसाठी ८३२२ उघडा. तिथे १११ किंवा -१११ असेल. हाच दिशेचा आकडा. दोनच किमती चालतात. १११ ला मोटर पल्स कोडरच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरते, -१११ ला उलट.

३. चिन्ह बदला, पीडब्ल्यूई परत ० करा, कॅन दाबून धरून रिसेट दाबा. आता अलार्म ००० येईल, म्हणजे कंट्रोल बंद करून चालू करा असं मशीन सांगतंय.

४. चालू झाल्यावर हँडव्हीलने सगळ्यात लहान पायरीवर हलवा आणि डायल लावून बघा.

११२ किंवा १०१ असा चुकीचा आकडा पडला तर ४१७ येतो. वायला ४२७, झेडला ४३७. पॅरामीटर गेल्यानंतर हाताने भरताना हा हमखास येतो. मोटरचा क्रमांक ८१२० मध्ये चुकला तरीही हाच येतो.

८१०० ला विनाकारण हात लावू नका. त्यातलं बिट १ शून्य केलं की कंट्रोल चालू होताना त्या मोटरचे कारखान्याचे मूळ पॅरामीटर पुन्हा भरून घेतो आणि मशीन बनवणाऱ्याने जुळवलेले गेन पुसले जातात. दिशा बदलण्यासाठी त्याची गरज नाही. हा बदल करून ‘दिशा नीट झाली पण आता कोपऱ्यावर खुणा येतात’ अशी तक्रार घेऊन बसण्यात अर्थ नाही.

स्क्रीनवर बीएटी असं लुकलुकत असेल तर आधी सेल बदला, बाकी सगळं नंतर. ०-एमला ‘डी’ आकाराचे तीन अल्कलाइन सेल लागतात आणि ते कंट्रोल चालू असतानाच बदलायचे. बंद करून बदलले तर पॅरामीटर गेले.

लिनियर स्केल (टेबलाची चाल थेट मोजणारी पट्टी) लावलेली मशीन असेल तर ८१२२ बदलल्यावर ॲक्सिस पळू शकतो. पल्स कोडर कंट्रोलने उलटवला, पण स्केल होती तशीच राहते. तिथे स्केलची ए-जोडीही उलटवावी लागते.

फानुकच्या पुढच्या १६, १८ आणि ०आय मालिकांत हाच दिशेचा पॅरामीटर २०२२ या क्रमांकावर आहे, किमती त्याच. सिमेन्स ८१०डी आणि ८४०डीवर शांतपणे उलटा चालणाऱ्या ॲक्सिससाठी एमडी ३२१०० चं चिन्ह बदला. एमडी ३२११० फक्त पळणाऱ्यासाठी, म्हणजे फीडबॅकचं चिन्ह चुकलेलं असेल तेव्हा. दोन्ही एकाच पानावर शेजारी दिसतात, म्हणून घाईत चुकीचा बदलला जातो. कंट्रोल जुना आणि ड्राइव्ह नवा अशा मशीनला, उदाहरणार्थ यास्कावा सिग्मा-२ मध्ये पीएन ००० चा शेवटचा अंक, मित्सुबिशी एमआर-जे३ मध्ये पीए १४ असं सेटिंग ड्राइव्हमध्येच असतं. बदलल्यावर ड्राइव्हची वीज बंद करून चालू केल्याशिवाय ते लागू होत नाही. तेवढ्या वेळात ‘काही फरकच पडला नाही’ म्हणून कुणीतरी कंट्रोलमध्येही बदल करतो, आणि मग दोन बदल एकमेकांना खातात.

स्टेपरवर उतरवलेली जुनी मशीन

जुना कंट्रोल काढून संगणक आणि स्टेपर बसवलेल्या मिलिंगला फीडबॅक नसतो, त्यामुळे पळून जाण्याची भीती नाही. दिशा उलटवायला चार वायरींच्या मोटरवर एका कॉइलची दोन टोकं अदलाबदल करा. दोन्ही कॉइलची केलीत तर दिशा तीच राहते. कॉइलची जोडी ओळखायला मल्टिमीटर लागतोच असं नाही. दोन वायरी एकत्र टेकवून शाफ्ट फिरवा, जड लागला की ती जोडी. मात्र ड्राइव्हला वीज असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जातो.

वायरीपेक्षा सॉफ्टवेअरमध्ये बदल करणं सोयीचं. माख३ मध्ये मोटर आउटपुट्सच्या तक्त्यात त्या ॲक्सिसचं ‘डिर लो ॲक्टिव्ह’ बदला. लिनक्ससीएनसीमध्ये आयएनआय फाइलमधल्या त्या जॉइंटच्या स्केलचं चिन्ह बदला. माख३ मध्ये शेजारच्या ‘स्टेप लो ॲक्टिव्ह’ला चुकून हात लागला तर वेगळाच त्रास होतो. दिशा बरोबर दिसते, पण दिशा बदलताना स्टेपची चुकीची कड मोजली जाते आणि येण्याजाण्याच्या दर फेरीत एखादी स्टेप हरवते. २०० स्टेपची मोटर, १० मायक्रोस्टेप, ५ मिमीचा स्क्रू असेल तर एक स्टेप ०.००२५ मिमीची. ४०० वेळा ये-जा करणाऱ्या पॉकेटमध्ये १ मिमी सरकतं, आणि नेहमी एकाच बाजूला. लोक बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) शोधत बसतात. बॅकलॅश साठत जात नाही, हे साठत जातं, यावरून ओळखा.

प्लस आणि मायनस दोन्ही बटणांना मोटर एकाच बाजूला जाते, तेव्हा डायरेक्शनची वायर तुटली आहे किंवा ब्रेकआउट बोर्डवर चुकीच्या पिनला लागली आहे. कधी इकडे कधी तिकडे, लहरीप्रमाणे थरथरत जाते, तेव्हा एक कॉइल उघडी आहे. जुन्या मशीनच्या हलत्या केबल चेनमध्ये वायर बाहेरून धडधाकट आणि आतून तुटलेली सापडते. केबल वाकवत असताना मल्टिमीटर लावा, सरळ ठेवून मोजून उपयोग नाही.

दिशा बदलल्यानंतरचं काम

ॲक्सिस आता बरोबर चालतोय. बहुतेक लोक इथे दार बंद करतात आणि संध्याकाळी टेबल टोकाला आपटतं.

लिमिट स्विच पहिले. प्लसचा लिमिट फक्त प्लसची चाल अडवतो, मायनसची मोकळी ठेवतो, म्हणजे बाहेर येता यावं. मोटरची दिशा बदलली पण स्विचच्या वायरी जुन्याच राहिल्या, तर टोकाला स्विच दाबला गेल्यावरही कंट्रोल ‘ही चाल मोकळी आहे’ असं समजतो. ॲक्सिस मधोमध, सगळ्यात हळू जॉग, आणि स्विच हाताने दाबून बघा. प्लसला जात असताना प्लसचाच स्विच थांबवतो ना? सहाही स्विच असेच तपासा, दहा मिनिटं लागतात.

मग होम, म्हणजे मशीनची मूळ जागा. डीसेलरेशनचा डॉग (होमजवळ वेग कमी करायला लावणारा ठोकळा) मशीनवर कुठल्या टोकाला बसवलाय ते डोळ्याने बघा आणि ती दिशा प्लस की मायनस ते ठरवा. फानुक ०-एमवर पॅरामीटर ०००३ मध्ये उजवीकडून पहिलं बिट एक्सचं, दुसरं वायचं, तिसरं झेडचं. ० म्हणजे प्लसकडे होम, १ म्हणजे मायनसकडे. सिमेन्सवर हे एमडी ३४०१० मध्ये, हायडेनहाइनवर एमपी १३२० मध्ये. माख३ मध्ये ‘होम निगेटिव्ह’ची खूण, लिनक्ससीएनसीमध्ये होम सर्चच्या वेगाचं चिन्ह. पहिलं होमिंग ॲक्सिस डॉगपासून १०० मिमी तरी लांब ठेवून सगळ्यात कमी वेगाने करा. डॉगपासून लांब पळायला लागला की लगेच थांबवा.

होम सापडलं तरी ते जुन्याच जागी सापडलं असं नाही. डॉग सुटल्यानंतर येणाऱ्या पहिल्या मार्करवर (एन्कोडरच्या इंडेक्स पल्सवर) कंट्रोल थांबतो. मोटर किंवा एन्कोडर काढून बसवला असेल तर मार्करची जागा सरकते, आणि डॉगची कड मार्करच्या अगदी जवळ आली तर होम कधी इथे, कधी एक फेरी पुढे असं होतं. १० मिमीच्या स्क्रूवर तो फरक पूर्ण १० मिमीचा असतो. लागोपाठ पाच वेळा होम करून डायलवर वाचन घ्या. झेडच्या बाबतीत टूल चेंजरची उंची जुळल्याशिवाय एम०६ (टूल बदलायची कमांड) देऊ नका. आर्म आणि स्पिंडल एकमेकांत अडकले की दुरुस्ती दिशेच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी मोठी निघते.

सॉफ्ट लिमिट होमवरून मोजले जातात, तेव्हा तेही नव्याने बघा. ०-एमवर ७०० ते ७०२ प्लसचे, ७०४ ते ७०६ मायनसचे. बॅकलॅशचे ५३५ ते ५३७ पुन्हा मोजून भरा. बॅकलॅशची सुरुवातीची बाजू होमच्या दिशेच्या त्याच बिटावरून ठरते, म्हणून ते बिट चुकलेलं असेल तर वीज चालू केल्यानंतरच्या पहिल्या हालचालीत भरपाई चुकीच्या बाजूला जाते. पिच एररचा (स्क्रूच्या पिचमधल्या चुकीच्या भरपाईचा) तक्ता भरलेला असेल आणि मशीनचा शून्यबिंदू दुसऱ्या टोकाला गेला असेल, तर जुना तक्ता मापं बिघडवतो. तो शून्य करून ठेवा आणि मोजणी झाल्यावर नव्याने भरा.

शेवटी चाचणीचा तुकडा. आधी स्पिंडल बंद, झेड जॉबच्या ५० मिमी वर, सिंगल ब्लॉकमध्ये तोच ६० आणि २० मिमीचा काटकोन हवेत चालवा. मग ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर ०.५ मिमी खोल कोरा, त्याच्या शेजारी जी०२ चा एक पाव-गोल, आणि तुकडा बांधलेला असतानाच बघा: लांब हात एक्समध्ये उजवीकडे, आखूड हात वायमध्ये कॉलमकडे, कंस घड्याळाच्या दिशेने. बदललेले आकडे, जुनी किंमत, नवी किंमत आणि तारीख एका कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.